अकरा महिन्यांच्या घरातली सौरवीज

सौरऊर्जेवरचे बहुतेक मराठी लेखन वाचणाऱ्याची स्वतःची गच्ची आहे असे धरून चालते. किती किलोवॉट बसवावे, अनुदान कसे मिळवावे, नेट मीटरसाठी (घेतलेल्या विजेतून आपण दिलेली सौरवीज वजा करणारा मीटर) अर्ज कसा करावा, याची चांगली माहिती आता सहज मिळते; पण पुण्यातल्या भाडेकरूला ती वाचताना पहिल्या दोन परिच्छेदांतच कळून चुकते की यात आपला विचार झालेला नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० असे जास्तीत जास्त ७८,००० रुपयांचे अनुदान मिळते, आणि त्यासाठी घर व छत स्वतःच्या मालकीचे असावे लागते. अट समजण्यासारखी आहे, कारण पंचवीस वर्षे टिकणारी वस्तू अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्याच्या हवाली करायला कोणीही दहा वेळा विचार करेल. तरीही शिक्षणासाठी, नोकरीसाठी या शहरात येऊन वर्षानुवर्षे भाड्यानेच राहणारी माणसे इतकी आहेत की त्यांच्या खिडकीवर पडणाऱ्या उन्हाचाही हिशोब कोणीतरी मांडायला हवा, असे मला मनापासून वाटते. म्हणून गेले काही महिने मी तो आमच्यापुरता मांडते आहे.

आम्ही कर्वेनगरात चार मजली इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर राहतो. घर भाड्याचे, वीजजोड मालकांच्या नावावर, गच्ची सोसायटीची. गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते, वळवाच्या पावसात कधीही जाते, आणि मी घरून काम करत असल्यामुळे तेवढ्या वेळात इंटरनेट बंद पडले की सगळेच अडते. आईला दम्याचा त्रास आहे आणि तिचे नेब्युलायझर विजेवर चालते. ही आमची निकड. मोठे बिल शून्यावर आणण्याचा बेत यात पहिल्यापासूनच नव्हता.

भाड्याच्या घरासाठी आखणी करताना सुरुवात घर सोडण्याच्या दिवसापासून करावी, असे माझे मत झाले आहे. जी वस्तू टेम्पोत चढणार नाही, जी काढल्यावर भिंतीवर खूण राहील, जी पुढच्या घरात निरुपयोगी ठरेल, ती या यादीतून आधीच वजा होते. या एका कसोटीने बाजारातली निम्मी यंत्रणा बाद झाली. आज घरांवर सर्रास बसणारे ५४० वॉटचे पॅनेल सव्वादोन मीटरपेक्षा लांब आणि जवळपास २८ किलो वजनाचे असते. वॉटमागे ते सर्वांत स्वस्त पडते, पण आमच्या लिफ्टमध्ये ते उभेही राहत नाही आणि आडवेही बसत नाही. २०० वॉटचे पॅनेल साधारण दीड मीटर लांब आणि पाऊण मीटरहून कमी रुंद असते, वजन दहा-बारा किलो. ते एक माणूस काखेत धरून जिना उतरू शकतो, आणि लागलेच तर गॅलरीच्या कठड्यावर आडवे टांगताही येते. वॉटमागे चार पैसे जास्त जातात, ते जाऊ द्यावेत.

बॅटरीच्या बाबतीत निर्णय याहून सोपा होता. पुण्यात घरोघरी इन्व्हर्टरखाली असते ती ट्युब्युलर बॅटरी, १५० अँपिअर-तासांची, पन्नास किलोंच्या वर भरते. तिच्यात आम्ल असते, डिस्टिल्ड वॉटर घालावे लागते, चार्ज होताना हायड्रोजन सुटतो म्हणून हवेशीर जागा लागते, आणि आयुष्य टिकवायचे तर तिची क्षमता निम्मीच वापरायची. लिथियम आयर्न फॉस्फेटची २५.६ व्होल्ट, ५० अँपिअर-तासांची बॅटरी १.२८ युनिट साठवते, तिचे वजन डझनभर किलोंच्या आसपास असते आणि तिची जवळजवळ सगळी साठवण वापरता येते. ती उन्हात ठेवायची नाही, पलंगाखाली कोंबायची नाही, बाहेर पडण्याच्या वाटेत तर मुळीच नाही. हॉलच्या आतल्या भिंतीलगत, फरशीवर, चारही बाजूंनी वारा लागेल अशी जागा आम्ही ठरवली आहे.

पण या सगळ्याआधी ऊन. आमची गॅलरी दक्षिणेकडे उघडते, आणि दक्षिण म्हटले की सोलरवाले खूश होतात. कठड्यावर उभे टांगलेले पॅनेल मात्र या अक्षांशावर वेगळेच वागते. पुणे साडेअठरा अंश उत्तरेला आहे. डिसेंबरात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून ४८ अंशांवरच असतो, ऊन गॅलरीतून थेट हॉलच्या फरशीवर येते, आणि उभ्या पॅनेलला त्यातले दोन तृतीयांश मिळते. मार्चमध्ये सूर्य ७१ अंशांपर्यंत चढतो आणि हाच वाटा एक तृतीयांशाच्याही खाली जातो. मे महिन्याच्या मध्याला पुण्यात शून्य सावलीचा दिवस येतो, ज्या दुपारी उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशीच लपते. त्यानंतर जुलैअखेरपर्यंत सूर्य आपल्या उत्तरेकडून फिरतो, आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत दक्षिणेच्या भिंतीला थेट ऊन लागतच नाही. तिथल्या पॅनेलला मिळतो तो केवळ आकाशाचा पसरट उजेड. म्हणजे ज्या दिवसांत पंखा क्षणभर बंद करवत नाही आणि वळवाने वीज जाते, नेमक्या त्याच दिवसांत दक्षिणेची गॅलरी हात आखडते. पूर्व किंवा पश्चिमेच्या गॅलरीला निदान अर्ध्या दिवसाचे ऊन बारा महिने मिळते; उन्हाळ्यासाठी भाड्याचे घर शोधणाऱ्याने हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

त्यातून गॅलरी ही राबती जागा. दोरीवर कपडे वाळत असतात, कठड्याला कुंड्या असतात, पारव्यांसाठी जाळी ठोकलेली असते. पॅनेलमधल्या सगळ्या सेल एकामागे एक जोडलेल्या असल्यामुळे एका टॉवेलची सावलीदेखील पुष्कळ वीज खाऊन टाकते. आत बायपास डायोड, म्हणजे सावलीतल्या सेलना वळसा घालून प्रवाह पुढे नेणारे भाग, असतात म्हणून सगळे पॅनेल बंद पडत नाही, इतकेच. पारव्यांच्या विष्ठेचा वाळलेला ठिपका वेळेवर पुसला नाही तर त्याखालची सेल तापते आणि कायमची खराब होऊ शकते. जाळीची सावली बारीक असली तरी दिवसभराची असते.

म्हणून गच्ची. आणि गच्ची म्हटली की सोसायटी आली.

पुण्यातल्या जुन्या इमारतींच्या गच्चीवर ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा थर, आणि त्यावर चायना मोझाइकचे पांढरे तुकडे असतात. तिथे ड्रिल लावले की पाणी उतरण्याची वाट तयार होते, आणि चौथ्या मजल्यावरच्या छताला पावसाळ्यात ओल आली की तिचे कारण कोणते ठरेल हे सांगायला नको. सेक्रेटरींनी मला पहिला प्रश्न याच ओलीबद्दल विचारला, आणि तो अगदी रास्त होता. त्यामुळे आमचा स्टँड गच्चीला कुठेही भोक न पाडता उभा राहणार आहे: लोखंडी अँगलची चौकट, तिच्या पायांखाली रबरी तुकडे, आणि चौकटीवर सिमेंटचे भरीव ठोकळे.

वजन किती ठेवायचे हा प्रश्न अंदाजावर सोडण्यासारखा नाही. इमारतींवरच्या वाऱ्याच्या भाराचे भारतीय मानक, आयएस ८७५ चा तिसरा भाग, पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरते, म्हणजे ताशी १४० किलोमीटर. हा पन्नास वर्षांतून एकदा येऊ शकेल असा झोत आहे. त्या वेगाला एक चौरस मीटर पृष्ठभागावर साधारण ९०० न्यूटनचा दाब येतो, म्हणजे आमच्या एकेका पॅनेलवर नव्वद किलोंइतका जोर. पॅनेल जितके आडवे तितका वारा त्याला कमी धरतो, म्हणून कलतेपणा अठरा-वीस अंशांच्या पुढे न्यायचा नाही. तेवढा कल पुण्याच्या अक्षांशाला वर्षभरासाठी योग्यच आहे. शिवाय नुसत्या ठोकळ्यांवर भिस्त न ठेवता चौकट स्टीलच्या दोराने पाण्याच्या टाकीच्या कॉलमला बांधायची. चार मजल्यांवरून सुटलेले पॅनेल खाली कोणाच्या अंगावर पडेल या विचारापुढे बाकीचे सगळे हिशोब दुय्यम ठरतात, आणि ही बांधणी जाणत्या फॅब्रिकेटरला दाखवल्याशिवाय मी पॅनेल वर नेणार नाही.

कठड्याचीही सावली असते. दक्षिणेचा मीटरभर उंच कठडा डिसेंबरच्या दुपारी जवळपास तेवढीच लांब सावली पाडतो आणि सकाळ-संध्याकाळी ती आणखी पसरते, तेव्हा स्टँड त्यापासून हातभर नव्हे तर चांगला दोन मीटर आत हवा. टाकीची सावली वर्षातला बहुतेक काळ उत्तरेकडे पडते, म्हणून चौकट टाकीच्या दक्षिणेला.

गच्चीवरून वायर घरात कशी आणायची, यावर मालकीणकाकूंशी बोलणे झाले. त्या खालच्याच मजल्यावर राहतात. सगळे ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, "भिंतीला नवीन भोकं पाडायची नाहीत हं. आधीच्या भाडेकरूंनी एसीसाठी पाडलेलं भोक अजून तसंच आहे, बघितलंस ना?" मी रोज बघत होते, बेडरूमच्या खिडकीवर, कागदाचा बोळा कोंबलेले. "काकू, त्याच भोकातून वायर घेतली आणि वरून नीट बुजवून दिलं तर चालेल?" "मग तर बरंच झालं," काकू म्हणाल्या. पावसाचे पाणी वायरीवरून ओघळत आत येऊ नये म्हणून भोकाच्या बाहेर वायरीला खालच्या बाजूने एक वळसा द्यायचा, म्हणजे थेंब त्या वळशावरूनच गळून पडतात.

टाकीपासून बेडरूमपर्यंतची ही वायर पंधरा मीटर भरते, आणि जाऊन-येऊन तीस. इथे बारा व्होल्ट की चोवीस हा प्रश्न आपोआप सुटतो. बारा व्होल्टच्या बॅटरीसाठी दोन पॅनेल समांतर जोडली तर ४०० वॉटना बावीस अँपिअर वाहतात आणि ४ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीत तीनएक व्होल्ट वाटेतच जिरतात, अठरापैकी तीन. तीच पॅनेल एकामागे एक जोडली की व्होल्टेज दुप्पट, प्रवाह अकरा अँपिअर, आणि घट पाच टक्क्यांच्या आत येते. बॅटरीच्या बाजूलाही तसेच: ५०० वॉटचा भार बारा व्होल्टवर चाळीस अँपिअरच्या वर ओढतो, चोवीसवर निम्मा, आणि प्रवाह जितका कमी तितकी जोडणी तापण्याची भीती कमी. पॅनेलचे जादा व्होल्टेज बॅटरीजोगे करून देणारा कंट्रोलर एमपीपीटी जातीचा घ्यायचा. स्वस्तातला पीडब्ल्यूएम ते जादा व्होल्टेज वायाच घालवतो.

बुधवार पेठेत तपकीर गल्ली आणि पासोड्या विठोबाच्या आसपास यातले जवळपास सगळे मिळते, आणि तिथल्या दुकानदारांना चार प्रश्न विचारले तर ते पाच उत्तरे देतात. पण एमसीबी, म्हणजे प्रवाह फार वाढला की आपोआप तुटणारा स्विच, मागताना तो डीसीचा, म्हणजे पॅनेल-बॅटरीच्या एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेचा, आहे हे अंगावरचे छापील अक्षर वाचून खात्री करावी. घरातल्या एसी, म्हणजे दिशा बदलत राहणाऱ्या, विजेचा प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे स्विच तोडताना पडलेली ठिणगी विझून जाते. डीसीत ती संधीच नसते आणि ठिणगी जळत राहू शकते. फ्यूज बॅटरीच्या धन टोकाला अगदी लागून हवा. चौकटीला अर्थिंग हवे. यात काटकसर नाही.

आता घराच्या आतला भाग. छताचा पंखा आणि ट्यूबलाइट घरमालकांच्या वायरिंगवर असतात, आणि त्या वायरिंगला हात लावायचा नाही हे मी स्वतःवर घातलेले बंधन आहे. म्हणून या यंत्रणेवर फक्त प्लगची उपकरणे चालतील, तीही इन्व्हर्टरच्या स्वतंत्र एक्स्टेंशन बोर्डवर. कमी वीज खाणाऱ्या बीएलडीसी मोटरचे दोन पेडेस्टल पंखे, ३५ वॉटचे, रात्रीचे दहा तास: ७०० वॉट-तास. राउटर दहा वॉटचा पण चोवीस तास: २४०. तीन एलईडी दिवे पाच तास: १३५. लॅपटॉप सहा तास: ३००. बेरीज चौदाशेच्या जरा आत, म्हणजे जवळपास १.४ युनिट. आईचे नेब्युलायझर दहा मिनिटे चालते, ते या बेरजेत जाणवतही नाही. गीझर, इंडक्शन, मिक्सर, इस्त्री यांचे नाव काढायचे नाही.

पुण्यात एक किलोवॉट सोलर वर्षाच्या सरासरीने दिवसाला सुमारे चार युनिट देते. आमचे ४०० वॉट १.६ देतील, बॅटरीतून ये-जा करताना त्यातले काही जाईल, हाती १.३ च्या आसपास उरेल. एप्रिलमध्ये जास्त, जुलै-ऑगस्टमध्ये पुष्कळ कमी. एक गळती मात्र विकणारे कधी सांगत नाहीत: इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला तरी दहा-वीस वॉट खातो. दहाच धरले तरी दिवसाला २४० वॉट-तास, म्हणजे राउटरएवढे. म्हणून इन्व्हर्टर गरजेपुरता लहान घ्यायचा, राउटर छोट्या कन्व्हर्टरवरून थेट बॅटरीवर चालवायचा, आणि घरात कोणी नसताना इन्व्हर्टर बंद ठेवायचा. ढगाळ दिवशी बॅटरी महावितरणच्या विजेवर भरता यावी, एवढी सोय हवीच.

इन्व्हर्टरची वीज दोन्ही टोकांना पिना असलेल्या वायरीने भिंतीच्या सॉकेटात सोडून सगळे घर चालवण्याची युक्ती काही जण सांगतात. ती कोणीही करू नये. वीज गेलेली असताना खांबावर काम करणाऱ्या वायरमनच्या हातात ती वीज पोहोचू शकते.

जर्मनीत २०२४ पासून ८०० वॉटपर्यंतचे बाल्कनी सोलर घरातल्या साध्या प्लगला जोडता येते, आणि त्याच वर्षी कायदा असा बदलला की सबळ कारणाशिवाय घरमालक भाडेकरूला ते नाकारू शकत नाही. ते वाचून मला हेवा वाटला. आपल्याकडे ग्रिडला, म्हणजे सार्वजनिक वीजजाळ्याला, जोडायचे तर महावितरणची परवानगी आणि नेट मीटर लागतो, आणि तो अर्ज ज्याच्या नावावर वीजजोड आहे त्यानेच करायचा असतो. दिल्लीने २०१९ मध्ये आभासी नेट मीटरिंगचे नियम केले, ज्यात दुसरीकडे तयार झालेल्या सौरविजेचा वाटा आपल्या बिलात वळता होतो. छत नसलेल्यांसाठी हा खरा रस्ता आहे, आणि महाराष्ट्रातल्या भाडेकरूंनी तो हक्काने मागितला पाहिजे. पुण्याला अशा विचारांचे वावडे नाही. २००६ मध्ये भारनियमन टाळण्यासाठी इथल्या उद्योगांनी आपापली जनित्रे चालवून शहराची तूट भरून काढली होती.

पैशांचे स्पष्टच सांगते. आमचा खर्च साठ हजारांच्या घरात जाईल. महिन्याला ३५ ते ४० युनिट वाचतील. युनिटला दहा रुपये धरले तर वर्षाला साडेचार हजार. तेरा वर्षांत फिटेल, आणि रोज वापरलेली बॅटरी तोवर बदलावी लागेल. बचतीसाठी हे करू नये. पंखा, उजेड, इंटरनेट आणि आईचा श्वास यांची हमी हवी असेल, आणि आपल्या वापराचा एक लहान तुकडा तरी कोळशावाचून चालावा असे वाटत असेल, तर करावे. मला दोन्ही वाटते.

खरेदीचा क्रमही घर सोडण्याच्या दिवसावरूनच ठरला आहे. पुढचे घर उत्तरेच्या गॅलरीचे मिळाले, तिथल्या सोसायटीने गच्चीला नकार दिला, तरी बॅटरी आणि इन्व्हर्टर मुख्य विजेवर भरून कामाला येतातच. पॅनेल मात्र तोवर भिंतीला टेकून राहतील. म्हणून आधी बॅटरी, इन्व्हर्टर आणि कंट्रोलर, आणि पॅनेल सोसायटीचे ना हरकत पत्र हातात पडल्यावर. त्या पत्रासाठीच्या अर्जात मी पॅनेलची मापे, वजन, भोक न पाडण्याची हमी, आणि गच्चीचे वॉटरप्रूफिंग निघेल तेव्हा स्वखर्चाने चौकट हलवण्याची तयारी लिहून दिली आहे. काकूंना हे सगळे तोंडी पटले असले तरी नव्या लिव्ह अँड लायसन्स करारात एक कलम घालायचे ठरले आहे: सोलर पॅनेल, स्टँड, बॅटरी, इन्व्हर्टर व त्यांच्या वायरी ही भाडेकरूची जंगम मालमत्ता असून घर सोडताना तो त्या काढून नेईल आणि बेडरूमच्या खिडकीवरील भोक सिमेंटने बुजवून, रंग देऊन परत करील. भोकाचे शेवटचे वाक्य काकूंनी सुचवले, आणि मसुद्यात ते मी ठळक केले आहे.